अर्ध्या वाट्याची बाग

इंदोरा, नागपूर
७ डिसेंबर

भूमिका,

पायलवर चिडू नको. तुझा कोल्हापूरचा पत्ता मीच तिच्या मागे लागून काढला. तिनं अट घातली की फोन करायचा नाही, दुसऱ्याच्या नंबरवरून मेसेज टाकायचा नाही, लिहायचं तर कागदावर लिहायचं आणि पोस्टात टाकायचं. म्हणाली, "कागदावर लिवायले टाइम लागते. तवरीक तुयं डोकं थंडं होते." माझं डोकं थंड झालेलं नाही, पण कागद आणला आहे. पायलचे आभार, मैत्रीण असावी तर अशी.

भांडायले लिहीत नाही. काम आहे. आपली बाग बंद होऊन राहिली.

कंपनीचा मेल आला. तुले पण आला असेल, पण तू तो जुना मेल आता उघडत नसशील. तो गेम, ज्याचं इंग्रजी नाव एवढं लांबलचक होतं की आपण दोघं नुसतं 'बाग' म्हणायचो, तो ३१ जानेवारीले कायमचा बंद. नुसती विक्री बंद असती तर मी बोललो नसतो. ज्यांनी पैसे मोजून घेतला आहे त्यांचाही बंद. त्यांच्या सर्व्हरशिवाय तो सुरूच होत नाही आणि सर्व्हर ते काढून टाकणार.

कॉलेजच्या कँटीनमध्ये बसून आपण तो घेतला होता, अर्धे तुझे, अर्धे माझे. दोघांच्या नावानं एकच टेकडी. मी त्यांना मेल केला की बाप्पा, आम्ही विकत घेतला आहे, फुकटात उतरवला नाही. उत्तर काय आलं सांगू? तुम्ही गेम विकत घेतला नव्हता, खेळण्याची परवानगी घेतली होती, ती आम्ही परत घेऊ शकतो. म्हणजे मी सीताबर्डीवरून चप्पल आणायची, वर्षभर घालायची, आणि एक दिवस दुकानदारानं मले रस्त्यात अडवून म्हणायचं की चप्पल कुठे दिली होती, चालायची परवानगी दिली होती. मी त्यांना जे उत्तर पाठवलं ते तुले सांगत नाही. तुले माझी भाषा माहीत आहे.

तर त्या रागातच मी बाग उघडली. आपलं वाजलं तेव्हापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. मले वाटलं होतं, सगळं वाळून कोळसा झालं असेल. त्या गेममधला दिवस आपल्या दिवसासोबतच चालतो, पाऊस-ऊन सगळं खरं, म्हणून तर तो आपल्याले आवडला होता. आणि पाहतो तर काय, कुंपण नीट केलेलं, गवत काढलेलं, तू हट्टानं लावलेली संत्र्याची झाडं ताठ उभी. कोणीतरी रोज येऊन राहिलं होतं.

आपल्या दोघांशिवाय त्या बागेत कोणी येऊ शकत नाही, भूमिका.

फक्त वरच्या तळ्यातून येणाऱ्या पाटाचं दार बंद होतं आणि झाडांखालची माती कोरडी पडली होती. मले वाटलं, उघडायचं विसरलं असेल. मी दार उघडून पाणी सोडलं. तेवढंच सांगायले पत्र लिहिलं. आणि हे, की तू बाग सांभाळली त्याचे आभार. मले माहीत नव्हतं.

धम्मदीप


१६ डिसेंबर

भूमिका,

पाणी काहून बंद केलं?

मी दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दार पुन्हा बंद. मी उघडलं. पुन्हा बंद. हे आठवडाभर चालू आहे. सकाळी कारखान्याची बस पकडायच्या आधी मी पाणी सोडतो, आणि हिंगण्याहून घरी येऊन पाहतो तर दार लागलेलं. तुले माझा राग आहे तर माझ्यावर काढ, झाडांनी काय केलं? पानं मलूल झाली आहेत.

मग रविवारी आपण बागेत भेटलो. तुझं ते पिवळ्या रुमालाचं बाहुलं समोरून येताना पाहून माझ्या छातीत काय झालं ते मी लिहीत नाही, पायल म्हणते जास्तीचं लिहू नको. त्या गेममध्ये बोलता येत नाही हे तेव्हा मले किती चांगलं वाटायचं, आता तितकंच वाईट वाटलं. हात हलवायचा, बोट दाखवायचं, खाली बसायचं, एवढंच येतं. मी हात हलवला. तू नाही हलवला. पण तू गेलीही नाहीस. दोन पावलं पुढे आलीस, थांबलीस, बाजूले वळलीस, कुंपणाले धडकलीस, पुन्हा मागे फिरलीस. मी समजलो. मनात किती चालू असलं म्हणजे माणूस असं चालतं ते मले माहीत आहे, मी पण तुमच्या गावच्या बसस्टँडवर असाच चाललो होतो.

मग तू पाटाच्या दारासमोर जाऊन उभी राहिलीस, आणि हललीच नाहीस. मी तिथं बोट दाखवलं. तू पण बोट दाखवलं. मी पुन्हा दाखवलं. आपण दोघं एका दाराकडे बोट दाखवून उभे होतो. आई मागून येऊन पाहून गेली.

आई विचारते, कोणाले लिहून राहिला एवढं. मी म्हटलं, एका कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे. ती म्हणाली, "परीक्षेत एवढं लिवलं असतं तं आज इंजिनीअर राह्यला असता." तिचंही बरोबर आहे. पण सरांशी ज्या गोष्टीवरून वाजलं आणि मी कॉलेज सोडलं ती तुले माहीत आहे, आणि त्यात चूक माझी नव्हती हे मी अजूनही म्हणतो. आता पंपाचे भाग बनवतो. वाईट नाही. हाताले काम आहे, आईचे गुडघे दाखवून आणले, स्वतःच्या पगारातून.

तू निघून गेल्यावर मी बागेतल्या आपल्या बेंचाच्या बाजूले झेंडू लावला. गोल नाही लावला. कसा लावला ते तू पाहशील.

पाणी सोड, वं. एवढी विनंती.

धम्मदीप


२८ डिसेंबर

भूमिका,

मी मूर्ख आहे, आणि आज मले मूर्ख असल्याचा आनंद झाला आहे.

आमच्या लाइनवर ऋषिकेश म्हणून एक जण आहे, काटोलकडचा. त्याच्या घरी संत्र्याची बाग आहे. डबा खाताना मी त्याले सांगितलं की एक जण आहे, तिच्यासोबत मी एका बागेत अर्धा आहे, आणि ती रोज पाणी बंद करते. खरी बाग की गेम, ते मी सांगितलं नाही. तो पोळी हातात धरून हसतच सुटला. "अबे, थे ताण देऊन राहिली. तू पाणी काहून सोडतं? बहार मारतं काय तिचा?"

मग त्यानं समजावलं. संत्र्याले हिवाळ्यात पाणी तोडायचं. झाड उपाशी राहतं, पानं थोडी गळतात, पाहणाऱ्याले वाटतं की मेलं. त्याले म्हणतात ताण. आणि जानेवारीत पाणी दिलं की सगळं झाड एकदम फुलावर येतं, तो आंबिया बहार. जो भिऊन मधेच पाणी सोडतो त्याच्या झाडाले नुसती पालवी येते, फूल नाही.

इंदोऱ्याच्या पोराले हे कुठून माहीत असणार? आमच्या घरी आईनं तेलाच्या डब्यात लावलेली तुळस आणि कढीपत्ता, त्याले रोज पाणी. पण तू संत्र्याच्या घरची. तुमच्या घरी दर हिवाळ्यात हे होत असेल आणि मी तुले कधी विचारलं नाही.

म्हणजे तू बाग मारून नव्हती राहिली. तू जानेवारीची वाट पाहून राहिली. ३१ तारखेच्या आधी फूल यावं म्हणून. आणि मी आठवडाभर त्यात पाणी ओततो आणि वरून तुलेच कागदावर झापतो.

आणि झेंडू. मी बदामाच्या आकारात लावला होता, तू पाहिलाच. दुसऱ्या दिवशी गेलो तर तू मधली सगळी जागा झेंडूनं भरून, कडा सरळ करून त्याचा चौकोन केला होता. आधी मले वाईट वाटलं. मग रात्रपाळीच्या बसमध्ये विचार करता करता समजलं. बदाम म्हणजे नुसतं प्रेम, ते कोणीही करतं. चौकोन म्हणजे चार भिंती. घर. तू मले सांगून राहिली की नुसतं बदाम बदाम करू नको, घराचा विचार कर.

मी करून राहिलो, भूमिका. मी नोकरीत कायम होणार आहे म्हणतात, पुढच्या वर्षी.

आता मी पाण्याले हात लावत नाही. शपथ. तू ताण दे. ऋषिकेशले मी रविवारी सावजी खाऊ घातलं, त्याले कळलं नाही कशाबद्दल. तुझे आभार कसे मानू ते मले कळत नाही, म्हणून बेंचावर बसून राहतो. तू काम करतेस, मी पाहतो.

धम्मदीप


१० जानेवारी

भूमिका,

तुझं पत्र मिळालं.

आधी वाचून झालं आणि मी पलंगाखाली चप्पल शोधू लागलो. कुठं जायचं होतं माहीत नाही. चप्पल पायातच होती.

तर मी तुझ्याच शब्दांत पुन्हा लिहून पाहतो, म्हणजे मले पटेल. तू कोल्हापूरले गेल्यापासून बाग एकदाही उघडली नाहीस. जुना लॅपटॉप तू घरी ठेवून गेलीस, संत्र्याचे भाव पाहायले. त्यात बाग उघडीच होती. तू गमतीनं म्हणालीस, बाबा, ही पण आपलीच बाग आहे, हिच्याकडे पण पाहत जा. आणि ते पाहू लागले. रोज, दुपारी जेवल्यावर.

म्हणजे पिवळा रुमाल बांधून दोन पावलं पुढे, एक मागे चालणारे ते तुझे वडील. मनात काही चालू नव्हतं, त्यांना माऊस जमत नाही.

म्हणजे ज्या दारासमोर आम्ही बोट दाखवून उभे होतो.

म्हणजे तो झेंडूचा बदाम मी मनोहररावांसमोर लावला. आणि त्यांनी त्याचा चौकोनी वाफा केला, कारण तू लिहितेस की वाकडा वाफा त्यांना दिसतच नाही. मी चार भिंती, घर आणि कायम नोकरीपर्यंत पोचलो होतो.

तू पत्रात हसलीस असं वाटतं. दोन ठिकाणी शाई पसरली आहे. हस. तुले हक्क आहे.

पण मले आता खरं सांगायचं तर राग पण येऊन राहिला. हेच ते मनोहरराव. मागच्या मार्चमध्ये मी तुमच्या गावी आलो, भर दुपारी, मजुरांसमोर मले म्हणाले, शिक्षण सोडलेलं, जात आमची नाही, कोणत्या तोंडानं आला. "माया बागेत पाय ठेवू नको." मी त्यांना 'तू' म्हणून उलट बोललो, त्याची तू मले शिक्षा केलीस, ती मी भोगून राहिलो. पण ते बोलले त्याची शिक्षा कोणाले झाली?

आणि त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की समोर मी आहे. माझ्या बाहुल्याच्या डोक्यावर माझं नाव लिहिलेलं आहे, इंग्रजीत, पूर्ण. तू लिहितेस की डिसेंबरात त्यांनी तुले फोनवर सांगितलं, "तो पोट्टा येऊन राहिला. रोज पाणी सोडते. काही समजत नाही त्याले." तू सांगितलंस की कोपऱ्यात एक बटण आहे, ते दाबलं की समोरचा बागेतून बाहेर निघतो. त्यावर ते म्हणाले, "राहू दे. पाणीच सोडते, बाकी काही बिघडवत नाही."

हे वाक्य मी दहा वेळा वाचलं. काय करू याचं?

तू उत्तर दिलंस. नसतं दिलं तर मी ३१ तारखेपर्यंत तुझ्या वडिलांवर प्रेम करत राहिलो असतो. आभार. माझ्याविषयी तू एक अक्षर लिहिलं नाहीस, तेही मी वाचलं.

धम्मदीप


२५ जानेवारी

भूमिका,

जायचं नाही असं ठरवलं होतं. मग वाटलं, काही दिवसांत कायमचंच बंद होणार आहे, एकदा पाहून घेऊ.

पण आत पाय टाकायले मन होईना. म्हणून बाहुलं कुंपणाच्या बाहेर उभं केलं. नको म्हटलं होतं ना, नाही ठेवत पाय. कॉम्प्युटरवर मानपान करून राहिलो, तू म्हणशील. हो.

दुपारी पिवळा रुमाल आला. झाडांकडे गेला, दोनदा कुंपणाले धडकला, मग त्याले मी दिसलो. थांबला. माझ्याकडे बोट दाखवलं. मी काही केलं नाही. मग त्यानं झाडांकडे बोट दाखवलं. पुन्हा माझ्याकडे. पुन्हा झाडांकडे. एवढ्या वेळा दाखवलं की मले ते न बोलता बोलवून राहिले की न बोलता शिव्या देऊन राहिले, समजेना. मी आत गेलो.

झाडं वाईट दिसत होती, भूमिका. आता मले ताण माहीत आहे, पण मले हेही माहीत आहे की हा गेम तुमच्या तालुक्यात नाही बनला. ज्यांनी बनवला त्यांनी संत्र्याचं झाड फोटोत पाहिलं असेल. त्यांचा हिशेब सोपा आहे, पाणी द्या तर जगतं, नका देऊ तर मरतं. पानं राखाडी झाली की झाड मेलं. अर्ध्याहून जास्त झाडं राखाडी झाली होती. मनोहररावांनी त्यांच्या घरच्या बागेसारखं सगळं केलं, मनापासून केलं, आणि इथं ते चुकीचं होतं.

मी आधी शपथ घेतली होती, म्हणून पाणी सोडलं नाही. मी त्यांना राखाडी झाडाजवळ नेलं आणि कुऱ्हाडीनं एक फांदी तोडून दाखवली. आत हिरवं काही नाही. त्यांनी दुसऱ्या झाडाची तोडली. तेच. मग ते तसेच उभे राहिले. मले आधी वाटलं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं.

मग ते पाटाकडे गेले आणि त्यांनी स्वतःच पाणी सोडलं.

पाणी सगळ्या ओळींत फिरलं, मेलेल्या झाडांखाली पण. मले वाटलं, आता जातील. ते बेंचापाशी आले, बेंचाभोवती एक चक्कर मारली कारण बसायचं बटण सापडत नसेल, आणि मग बसले. पलीकडच्या बाजूले. जागा सोडून. मी थोडा वेळ पाहिलं. मग मी पण बसलो.

बस एवढंच झालं. आई जेवायले बोलवत होती, मी म्हटलं, थांब, पाहुणे आहेत.

त्या दिवशी संध्याकाळी आईले सगळं सांगितलं. तुझं नाव, गाव, मागच्या वर्षीचं भांडण. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अन् आता तो माणूस तुयासंगं बसते?" मी म्हटलं, हो, पण खरं नाही, कॉम्प्युटरात. ती म्हणाली, "बसते ना पण."

धम्मदीप


२ फेब्रुवारी

भूमिका,

बंद झाली.

मी त्या दिवशी सुट्टी टाकली होती. ऋषिकेशनं माझी पाळी केली, त्याले आता सगळं माहीत आहे, आणि तो सगळ्या लाइनीले सांगतो. उरलेली झाडं हिरवी झाली होती. फूल येतं की नाही हे कळायच्या आधीच ३१ तारीख आली. मी तुले खोटं सांगत नाही, मी खूप जवळ जाऊन पाहिलं. एकही कळी नव्हती.

ते जेवून आले. आम्ही बेंचावर बसलो. मी हात हलवला, त्यांनी या खेपेले हात हलवला, बहुतेक चुकून. आणि मग सगळं जागच्या जागी थिजलं, रंग गेला, आणि इंग्रजीत एक ओळ आली की हे आता उपलब्ध नाही. मी बाहेर येऊन पाहिलं, माझ्या गेमच्या यादीतून पण गायब. घेतल्याची पावती मेलमध्ये आहे अजून. पावती आहे, वस्तू नाही.

मी तसाच बसलो होतो, तर फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मी मनोहर बोलून राहिलो. तू बंद केली काय गा बाग?"

मी सवयीनं आधी जय भीम म्हणालो. तोंडातून निघून गेलं. मले वाटलं, झालं, पुन्हा सुरू. मग ते म्हणाले, "हो, जय भीम. बंद काहून केली ते सांग."

त्यांना वाटलं, मी ते बटण दाबून त्यांना बाहेर काढलं. मागच्या मार्चचा हिशेब चुकता केला. मी समजावलं की मी नाही, कंपनीनं सगळ्यांचीच बंद केली. बंद होणार हे तू आधी फोनवर सांगितलं होतंस त्यांना, पण त्यांना वाटलं की लाइटीसारखं असेल, जाते तशी येते. मी म्हटलं, नाही जी, ही येणार नाही. त्यांना ते पटेना. पैसे देऊन घेतलेली बाग, भांडण नाही, कर्ज नाही, कोणी जप्ती आणली नाही, मग उचलून कशी नेतात? मी म्हटलं, त्यांच्या मते आपण बाग घेतलीच नव्हती, खेळायची परवानगी घेतली होती. त्यावर ते जे बोलले ते मी कंपनीले मेलमध्ये लिहिलं होतं त्याच्या पुष्कळ पुढचं होतं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. एवढा आदर मले कोणाविषयी वाटला नव्हता.

मग म्हणाले, नागपूरले त्यांच्या शेताच्या धुऱ्याच्या भांडणातल्या वकीलबाई आहेत. त्यांच्याकडे जायचं. मी यायचं, कारण कागद माझ्याकडे आहेत.

माझा नंबर त्यांना तू दिलास. म्हणजे तुझ्याकडे तो अजून आहे. मी फक्त लिहून ठेवतो, काही म्हणत नाही.

धम्मदीप


१७ फेब्रुवारी

भूमिका,

काल तुझे वडील सकाळच्या एसटीनं आले. स्टँडवर मी उभा होतो. मार्चनंतर पहिल्यांदा समोरासमोर. बागेत ते माझ्याएवढेच उंच होते, खरे बरेच उंच आहेत, विसरलो होतो. काय बोलावं म्हणून मी विचारलं, घरच्या बागेचा बहार कसा आहे. म्हणाले, "पाणी देल्लं. निंगून राहिलं फूल." पुढे कोर्टापर्यंत ऑटो केला. ऑटोवाल्यानं विचारलं, बापलेक आहात का. दोघांनी एकदमच नाही म्हटलं.

वकील प्रेमिला मॅडमची केबिन कोर्टाच्या मागच्या बाजूले आहे, एक टेबल, तीन खुर्च्या, चौथा माणूस आला की पहिला उठतो. मॅडमना वाटलं, धुऱ्याचंच काही असेल. तुझे वडील म्हणाले, नाही, बाग गेली. मॅडमनी पेन उघडलं. किती एकर?

ते माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, एकरात नाही मॅडम, कॉम्प्युटरात आहे.

मॅडम हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर आभारी राहीन. सगळं वाचलं, पावती, मेल, माझं ते न सांगण्यासारखं उत्तर पण. मग चष्मा काढून समजावलं की कंपनीच्या कागदात खरोखरच मालकी दिलेली नाही, नुसता परवाना आहे.

"परवाना दारूच्या दुकानाले लागते," तुझे वडील म्हणाले. "झाडं आम्ही लावली. मारली बी आम्हीच. त्यांनी त्यात काय केलं?"

मॅडम म्हणाल्या, जिंकू असं सांगत नाही, बाग तर परत येणारच नाही. पण विकताना 'विकत घ्या' असं लिहिलं होतं, 'परवाना घ्या' असं नाही, तेवढ्यावर ग्राहक आयोगात तक्रार लावता येते. तुझ्या वडिलांनी लगेच हो म्हटलं. मले वाटतं त्यांना जिंकायचं नाहीच आहे. त्यांना कोणीतरी खुर्चीवर बसून ऐकून घ्यायले पाहिजे की इथं एक बाग होती.

मग मॅडम कागदावर नावं लिहू लागल्या. तुझ्या वडिलांचं नाव त्यांना माहीत होतं. माझ्याकडे पेन दाखवून त्यांनी विचारलं, हा मुलगा तुमचा कोण?

मी ओळखीचा आहे असं म्हणायले तोंड उघडलं होतं. तुले माहीत आहे, मी त्या प्रश्नाची उत्तरं वर्षभर मनात तयार केली आहेत, एकाहून एक कडक. केबिनच्या दारात दोन पक्षकार उभे होते, ते पण पाहू लागले.

तुझ्या वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "बागेत अर्धा वाटा हाय याचा. याचं नाव आधी लिवा."

मॅडमनी माझं पूर्ण नाव विचारलं. ते पण त्यांनीच सांगितलं. रोज दुपारी डोक्यावर लिहिलेलं वाचत होते ना. धम्मदीप नत्थूजी रंगारी. कुठंही अडखळले नाहीत.

भूमिका, या पत्रात तुले काही मागत नाही. पाणी सोड म्हणत नाही, परत ये म्हणत नाही. तू लॅपटॉप बंद न करता घरी ठेवलास त्याचे आभार मानायचे आहेत. आणि त्या कंपनीचे आभार मानायले माझा जीव जातो, त्यांनी आपले पैसे खाल्ले, आपली टेकडी खाल्ली, त्यांचं वाटोळं होवो. पण त्यांचा तो मेल आला नसता तर मी बाग उघडली नसती, हे पण लिहून टाकतो. दोन्ही खरं आहे. मी कॉलेजचा फॉर्म आणला आहे, बाहेरून परीक्षा द्यायचा. भरला नाही अजून. आणला आहे.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकी मिळवून दिली. बस सुटायले वेळ होता, मी खाली उभा होतो, काय करावं दोघांनाही कळत नव्हतं, तिथं बोट दाखवायचं बटण नाही. ड्रायव्हर चढला तेव्हा ते खिडकीतून वाकून म्हणाले, "तारखेले येजो. जरा लवकर येजो, तिथं एकट्यानं बसवत नाही मले."

मी लवकर जाणार आहे.

जय भीम.
धम्मदीप